मेलेल्याच्या बुटातली किल्ली

खुंटीवरची किल्ली सोबत न्यावी की नेऊ नये, एवढाच काय तो प्रश्न होता. सेनापतींनी ती नेली आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

सेनापती हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. एरवी ते वीजबिलांच्या तक्रारींच्या खिडकीमागे बसत आणि समोरच्याला शेजारच्या खिडकीकडे पाठवत. पण जुन्या लढाया हुबेहूब करून दाखवणाऱ्या एका हौशी मंडळाचे ते सभासद होते आणि घराजवळच्या शाळेच्या मैदानावरच्या वार्षिक लढाईत दर वेळी पहिल्याच चकमकीत मरत. (हातात तलवार येईपर्यंत मरायची वेळ झालेली असे.) आता त्यांना निशाण हवं होतं. निशाणदार मरत नाही, शेवटपर्यंत पुढे चालतो आणि मुख्य म्हणजे फोटोत मधोमध येतो.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत.

“गेल्या वर्षी मेल्यावर तुम्ही मानेवरची मुंगी मारलीत,” सर म्हणाले होते. “असा दाखला इतिहासात कुठेही नाही. यंदा बिगूल वाजेपर्यंत नीट मेलात, तर पुढच्या वर्षी निशाण तुमचं.”

त्या दिवसापासून सेनापती घरी दिवाणावर पडून मरणाचा सराव करत होते. बायकोला यात नवीन काही दिसलं नाही.

लढाईच्या सकाळी त्यांनी किल्लीला हात घातला. घरात तेवढी एकच उरली होती, कारण दुसरी त्यांनीच हरवली होती.

“किल्ली कशाला? मी घरातच आहे,” बायको म्हणाली.

“आणि तू बाहेर गेलीस तर? मी काय चिलखत घालून जिन्यात बसू?”

सरांच्या मते त्या काळच्या शिपायांना खिसे नव्हते, म्हणून मंडळाच्या पोशाखालाही नव्हते. सेनापतींनी किल्ली डाव्या बुटात सरकवली आणि निघाले.

त्या दिवशी ते फार सुरेख मेले. छातीवर हात, अर्धी गिरकी, आणि थेट झाडाच्या सावलीत देह ठेवला. (जागा आदल्या दिवशीच हेरली होती.) दोरीपलीकडचे प्रेक्षक हळहळले. सेनापती मनातून सुखावले. एवढ्यात ओळखीचा आवाज आला.

“अहो! उठा! किल्ली द्या!”

प्रेत गप्प.

“दादा आलाय! त्याची बॅग घ्यायला जिन्यात गेले आणि दार लागलं. आत गॅसवर कुकर आहे!”

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दाजींचं कुठे चुकतं, यावर त्याचा दांडगा अभ्यास होता. सेनापती उठणारच होते; पण सर दुर्बिणीतून बघत होते.

“ताई, ते मेलेत,” दोरीपलीकडून एक गृहस्थ समजुतीने म्हणाले.

“मेलेत काय! सकाळी दोनदा चहा ढोसून गेलाय हा माणूस!”

“बुटात,” ओठ न हलवता सेनापती पुटपुटले. “डाव्या.”

बायको पायांशी उभी. तिच्या डाव्या हाताला जो बूट आला, तो नेमका त्यांचा उजवा. तो उपटून तिने झटकला, मग मोज्यात हात घातला. सेनापतींना तळपायाला भयंकर गुदगुल्या होतात, हे जगात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं आणि घाईत तीच ते विसरली होती. त्यांनी जीभ चावली, श्वास कोंडला, निशाण आठवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण बोट हललं नाही.

“मेल्यावरही रडतोय बिचारा,” कुणीतरी म्हणालं.

शेवटी तिने डावा बूट ओढला. किल्ली पार टोकाशी जाऊन अडकली होती. ती काढत बसायला वेळ कुठला? बायको बूट काखेत मारून सरळ रणांगणातून धावली. दोन्ही फौजांनी निमूट वाट दिली आणि मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

बिगूल वाजला तेव्हा सर धावतच आले.

“काय प्रसंग उभा केलात! मेलेल्यांचे बूट असेच पळवत असत हो! इतकी वर्षं वाचत होतो, आज डोळ्यांनी पाहिलं!”

“सर, मी हललो नाही.”

“तसूभरही नाही!”

“मग निशाण?”

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “निशाण कोणीही धरेल. असा मरणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही.”

सेनापती एका पायात बूट घालून घरी आले. दादा जिन्यातल्याच पायरीवर बसला होता, कारण आत धूर होता. त्या दिवशी खरोखर कोणी धारातीर्थी पडलं असेल, तर तो कुकर.

“या दाजी,” दादा म्हणाला. “जिंकलं कोण?”

सेनापती तसेच धुरातून आत गेले. बायको कुकर घासत होती आणि चक्क गुणगुणत होती.

“सरांचा फोन होता. पुढच्या वर्षी मलाही बोलावलंय,” ती म्हणाली. “मी स्पष्ट सांगितलं, नुसते बूट चोरायला येणार नाही, निशाण देत असाल तर येते. लगेच हो म्हणाले.”

सेनापती खुर्चीत बसून उरलेला बूट काढू लागले.

“तेवढे बूट मात्र सैल घ्या हं,” बायको म्हणाली. “एका हाताने निघाले पाहिजेत.”