तानूमावशींची पहिली भाकरी

मंगळवारी सकाळी चित्रकार विश्राम चौगुलेने कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा मुखपृष्ठावरच्या तानूमावशी वाचकांकडे पाठ फिरवून बसल्या होत्या.

आदल्या दिवशी त्या चांगल्या समोर तोंड करून चुलीपुढे बसलेल्या. कादंबरी त्यांच्या खाणावळीवरची होती, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा आणि तव्यावर भाकरी, असं ठरलं होतं. कॉम्प्युटरवरच्या चित्रात प्रत्येक गोष्ट आपापल्या थरावर असते. एकीला हात लावला तरी दुसरीला धक्का लागत नाही. विश्रामने चूल हलवून पाहिली, हलली. तवाही हलला. मावशींच्या थराला मात्र आतून कडी होती.

त्याने प्रकाशक मुतालिकांना फोन केला.

"मावशी पाठ फिरवून बसल्यात, साहेब. रुसल्यात."

"रुसू देत. पण शुक्रवारी छपाई आहे, आणि पाठीवर कादंबरी खपत नाही," मुतालिक म्हणाले. "गेल्या वर्षी आमच्या एका शाहिराने असंच केलं. शेवटी त्याला मलपृष्ठावर घेतला आणि पुढे नुसता डफ छापला. लोकांना वाटलं, वाद्यांचं पुस्तक आहे. तुम्ही त्यांची समजूत काढा. नाही निघाली, तर मला दुसरा चित्रकार बघावा लागेल."

विश्रामला ते फार लागलं. काम जाण्याचं दुःख होतंच, पण मावशी परक्याच्या हाती जातील, हे त्याला सोसवेना. एवढ्या दिवसांत त्या बाईवर त्याचा जीव जडला होता. त्याने स्क्रीनवर हलकेच टकटक केलं.

"मावशी, माझं काय चुकलं?"

"चुकलं तर चालतंय की रं," पाठ न वळवता मावशी म्हणाल्या. "तू चुकू देतोस कुठं? नाक काढतोस, आवडलं न्हाई की ते अनडू का फिनडू दाबतोस. तू मागं गेलास की मलाबी मागं जावं लागतं. तव्यावरची भाकरी परत पिठाचा गोळा हुती. खाणावळ उघडल्यापास्नं माझ्याकडं एक माणूस जेवलेलं न्हाई बघ!"

खाणावळीत कोणी जेवत नाही, ही तक्रार कुठल्याही कचेरीत मान्य झाली असती.

"मग काय करू?"

"मला कागदावर काढ. पाण्याच्या रंगात. एकदा बसले की बसले."

विश्रामने माळ्याकडे पाहिलं. जलरंगाचे ब्रश त्याने केव्हाच बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकले होते. पाण्याने ओघळायचं ठरवलं, की ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही. कॉम्प्युटरने त्याला या धास्तीतून सोडवलं होतं, आणि त्याबद्दल तो कॉम्प्युटरचा मनापासून ऋणी होता.

"आणि पुस्तकाचं नाव?" त्याने उगीच वेळ काढला.

"ते घाल की तुझ्या कॉम्प्युटरवर. अक्षरांस्नी भूक नसती."

त्याने डबा उतरवला. कागद भिजवला, पाटावर ताणून कडेने चिकटपट्टी लावली. आधी चूल, तवा आणि त्यावर भाकरी काढली. मावशींचे केस पांढरे, म्हणून तिथे कागद कोराच सोडला. नाक पहिल्याच फटक्यात बसलं, आणि मावशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एवढी माया असेल, हे त्याला कॉम्प्युटरवर कधी कळलंच नव्हतं. तो बघतच राहिला, आणि ब्रशवरचा गडद तपकिरी थेंब थेट भाकरीवर पडला.

विश्रामच्या डाव्या हाताची दोन बोटं आपसूक टेबलावर अनडूच्या कळा, कंट्रोल आणि झेड, शोधू लागली. टेबलावर पाण्याचा पेला होता, तो सांडला. थेंब पसरत गेला. तो टिपायला विश्रामने कापूस उचलला.

"हात लावशील तर बघ," मावशी म्हणाल्या. "डाग पडल्याबिगर भाकरी भाजली असं म्हणत्यात व्हय?"

विश्रामने कापूस खाली ठेवला. भाकरी टम्म फुगली. खोलीभर खरपूस वास सुटला.

"बस आता. तूबी कवापास्नं धड जेवला न्हाईस," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी मुतालिक स्वतः चित्र न्यायला आले. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ मावशींकडे पाहत राहिले.

"चेहरा उत्तम," ते म्हणाले. "पण तव्यावर भाकरी ठरली होती. ती कुठे आहे?"

"होती, साहेब. मावशींनी मला वाढली."

मुतालिक गंभीर झाले. "सोबत काय होतं?"

"झुणका आणि कांदा."

"आणि माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही?"

विश्रामने चित्राकडे पाहिलं. मावशी परातीत पीठ थापत होत्या.

"थांबा म्हणतायत. दुसरी टाकतायत."

मुतालिकांनी छापखान्याला फोन करून छपाई जेवणानंतर घ्यायला सांगितली, आणि हात धुवायला मोरी कुठे आहे ते विचारलं.