पाळण्याआधी नाव

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली आणि मयूरनं लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. लेकीच्या बारशासाठी त्यानं खास वेबपेज बनवलं होतं. बटण दाबलं की आधी पाळणागीत, मग पडदा उघडणार, मग गुलाबी अक्षरांत नाव. गीत त्याच्या थोरल्या बहिणीनं, मनालीताईनं, स्वतः गाऊन मनमाडहून पाठवलं होतं. कानात नाव सांगायचा मानही आत्या म्हणून तिचाच.

मयूरनं बटण दाबलं. ताई पाळण्यावर वाकते न वाकते, तोच बंद पडद्यावर नाव झळकलं : 'कियांशी'. मग पडदा उघडला. मागे काहीच नव्हतं. गाण्याचा तर पत्ताच नाही.

ताई ताठ झाली. "मी एवढी मनमाडहून नाव सांगायला आले, आणि टीव्हीनं आधीच सांगून टाकलं?"

"ताई, नावाची फाइल एवढीशी असते. जी फाइल आधी पोचते ती आधी चालते, मागच्यांसाठी थांबत नाही. तुझा पाळणा जड आहे ना..."

"जड?"

"आवाज नाही गं, फाइल!"

"कियांशी म्हणजे काय रे?" त्याच्या आईनं, विमलाबाईंनी, विचारलं.

"नेटवर चांगलं वाटलं," म्हणत मयूर कीबोर्डवर तुटून पडला. "आता सगळ्यांना रांगेतच उभं करतो. पाळणा संपल्याशिवाय पडदा हलणार नाही, पडद्याआधी नाव येणार नाही. मंडळी, तुम्ही काही पाहिलंच नाही असं समजा!"

मंडळी समजूतदार होती. फक्त 'कियांशी'चे फोटो नातेवाइकांना पाठवण्यात सगळी गुंतली होती, तेही हॉलच्याच वाय-फायवरून. त्या गर्दीत पाळणागीत अडकलं. आणि आता शिस्त लागलेला पडदा आणि नाव त्याच्यामागे निमूट उभे राहिले. टीव्हीवर नुसतं चक्र गरगरत होतं.

आचारी डोकावला. "साहेब, पुऱ्या गार होऊ ऱ्हायल्या."

नाव ठेवल्याशिवाय जेवायला उठणार कोण? बाळानं भोकाड पसरलं.

"बंद कर ते," मयूरची बायको राखी म्हणाली. "तिला भूक लागलीय."

"येईल गं. थांब जरा."

"मी थांबेन. ती नाही थांबायची."

ताईनं पदर खोचला, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात पुटपुटली आणि "कुर्रर्र!" केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ताई सरळ झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उत्पला!"

"ताई! हे कुठं ठरलं होतं?"

"कानात गेलं. आता बाहेर काढता येत नाही."

"उत्पला, उत्पला," विमलाबाईंनी घोळवून पाहिलं. "हे येतंय बाई म्हणता."

राखीनं बाळाला उचललं. "चल गं उत्पला."

"तूसुद्धा?" मयूर हबकला.

"तुला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं रे."

पंगत बसली. सगळ्यांचे हात पुरीभाजीत आणि मोबाइल खिशात गेले. वाय-फाय मोकळं झालं. आणि अचानक ताईचा आवाज हॉलभर घुमला. पाळणा शेवटच्या कडव्यापर्यंत झाला, मग पडदा संथपणे उघडला, मग गुलाबी अक्षरं उमटली : 'कियांशी'.

मयूरच्या आयुष्यात इतका अचूक क्रम कधी जमला नव्हता.

पंगतीतल्या एका आजींनी घास हातातच धरून शेजारणीला विचारलं, "अगं, जुळ्या आहेत का?"