आंजीच्या नाल्याचे मौलिक पाणी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पिपरी मेघेच्या जागृती थूल यांचा पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाच्या संगणकाने चोरीचा ठरवला. साम्य अठ्ठ्याण्णव टक्के. ज्यांचा प्रबंध चोरला गेला, त्यांचे नावही जागृती थूल होते.

पूर आल्यावर नाल्याचे पाणी किती चढेल याचे संगणकावर अचूक गणित करणे, हा प्रबंधाचा विषय. उदाहरणादाखल आंजीजवळचा नाला घेतला होता. सहा वर्षांच्या आकडेमोडीनंतर उत्तर आले, ४.७ मीटर. तिथे पूल व्हायचा होता, आणि बांधकाम खाते याच उत्तरासाठी थांबले होते.

मार्चमध्ये प्रबंध दाखल झाला तेव्हा संगणकाने त्याची प्रत साठवून घेतली होती. समितीने मुखपृष्ठ निळे करून मागितले. निळा प्रबंध आल्यावर संगणकाने तो ओळखला.

“मॅडम, सोताच्याच घरी केली तरी चोरी ते चोरीच,” विभागाचे लिपिक गजेंद्र म्हणाले. “मूळ लेखिकेचं ना-हरकत पत्र आणजा.”

जागृतींनी ते उभ्या उभ्या लिहून दिले. मूळ लेखिकेची सही आरोपी उमेदवाराच्या सहीशी तंतोतंत जुळत असल्याचे छाननीत आढळले. बनावट सहीची वेगळी नस्ती उघडण्यात आली.

नोंदणीची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती. मुदतीबरोबर सहा वर्षेही जाणार होती. वाक्ये फिरवून साम्य चाळीस टक्क्यांवर आले. उरलेले साम्य तक्त्यांतल्या आकड्यांचे होते. आकडेही बदलावेत, असे मार्गदर्शक डॉ. रूपराव डंभारे यांनी सुचवले.

“सर, पाणी चार पॉइंट सातच चढते. त्याले मी काय करू?”

“पाण्याले कोण विचारून राह्यलं, जागृती? संगणक विचारून राह्यला.”

निदान धोका नको म्हणून जागृतींनी आधी ५.९ मीटर धरले. पण ते तक्ते पुलगावच्या एका उमेदवाराच्या तक्त्यांशी जुळले. चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी पाणी ३.१ मीटरवर उतरवले. साम्य नऊ टक्के झाले. संशोधन मौलिक असल्याचे प्रमाणपत्र पाचच्या आत मिळाले.

पदवी हातात पडताच डॉ. जागृती थूल खरा आकडा घेऊन बांधकाम खात्यात गेल्या. अभियंत्यांनी दोन्ही प्रबंध मागवले. ४.७ मीटरचा प्रबंध चोरीच्या प्रकरणात अडकलेला निघाला, आणि वादग्रस्त आकड्यावर शासकीय पूल बांधता येत नाही. त्यांनी दिलासा म्हणून पूल ३.१ ऐवजी साडेतीन मीटर उंच धरला.

पूल मागच्या महिन्यात खुला झाला. पुलाची उंची वाढवावी, असा डॉ. थूल यांचा तिसरा अर्ज विचाराधीन आहे. त्या स्वतः आंजीला लांबच्या रस्त्याने जातात. आपण गेल्या रविवारी त्याच पुलाच्या कठड्याला टेकून फोटो काढला. पाणी किती चढते, हे आपणही कोणाला विचारले नाही.

बुधवारपासून जोरदार पावसाचा अंदाज आहे.