कौशीची चुकांची वही

बरोबर उत्तर मिळालं की कौशीचं तोंड पडायचं आणि चुकीचं मिळालं की ती बसल्या जागी उडायची. "लई भारी चूक हाय," म्हणायची आणि पिशवीतून लांबट वही काढून लगेच टिपून घ्यायची. आधी गणित, मग उत्तर, मग उत्तर देणाऱ्याचं नाव आणि सगळ्यात खाली एक शब्द : कशावरून? त्याच्यापुढं माणूस जे सांगेल ते ती जसंच्या तसं लिहायची.

ती आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्राथमिक शाळेची मास्तरीण व्हायचं होतं, त्यातही गणिताची. लातूरकडची, भूकंपात पडलेल्या गावातली. मामाकडं वाढलेली. तिनं एवढंच सांगितलं आणि मी पुढं विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. घरात पाहुणे आले तर मी चहा ठेवते आणि चहा झाला की दाराआड उभी राहते.

नांदेडात तेव्हा कोचिंगचा नुसता धुरळा उडालेला होता. भिंत दिसली की तिच्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमच्या माडीवर दोन मुली डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. त्या जिन्यात, नळावर, कपडे वाळत घालताना उत्तरं पाठ करायच्या. सगळं गाव बरोबर उत्तरांच्या मागं लागलेलं आणि ही बया चुका गोळा करत हिंडायची.

एकदा तिनं त्या दोघींना नळावर गाठलं. "अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर किती?"

"पाव," दोघी एका सुरात म्हणाल्या.

"येक येतंय," कौशी म्हणाली. "अर्ध्या भाकरीत अर्धी भाकर किती येळा बसती? येकदाच की. पण पाव कशावरून म्हणल्या?"

त्या दोघी बादल्या तिथंच सोडून वर गेल्या आणि दोन दिवस खाली आल्या नाहीत. कौशीचा आनंद मात्र दोन दिवस टिकला.

गल्लीच्या तोंडाला हमीदचाचांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्याकडं तिची डाळ शिजायची नाही. कितीही वाकडा हिशेब घाला, चाचा मशीनवरून मान न उचलता बरोबर सांगायचे.

"चाचा, तुम्ही काहीच कामाचे न्हाई."

"क्या करूं बेटी," चाचा म्हणायचे, "माप गलत हुआ तो कुर्ते की बंडी हो जाती."

तरी जाताना ते तिला दोऱ्याची उरलेली रिळं द्यायचे. ती तिला गठ्ठे बांधायला लागायची. दहा काड्यांचा एक गठ्ठा म्हणजे दशक, मोकळी काडी म्हणजे एकक. काड्या कुठून यायच्या ते मला उशिरा कळलं. अंगण झाडताना रोज वाटायचं, खराटा हलका कसा लागतोय. शेवटी एका सकाळी हातात नुसती मूठ राहिली.

"वैनी, शिक्षणासाठी गेला बिचारा," कौशी म्हणाली.

मी तिची वैनी. मी चौथी शिकलेली आहे हे तिला कळलं तेव्हा तिला घबाड सापडल्यासारखं झालं. "म्हंजे तुमच्या डोक्यात चौथीपस्तोरचं गणित हाय आन् त्याच्यावर दुसरं काहीच चढलेलं न्हाई? मला असंच माणूस पाहिजे व्हतं." दुसरं कुणी म्हणालं असतं तर मला लागलं असतं. तिचे डोळे इतके चमकत होते की मला हसूच आलं. पण तिनं पुढं केलेली पाटी काही मी हातात घेतली नाही. चुकलं तर आपलं नाव वहीत जाईल, या भीतीनं मी प्रत्येक वेळी दूध उतू चाललं म्हणून उठायचे. आमच्या घरी दूध तेव्हा सकाळी एकदाच यायचं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

तिचे सराव पाठ मात्र पडत चालले होते. एका शाळेत तिसरीच्या वर्गावर तिनं वजाबाकी घेतली. पहिलं पोर चुकलं, बाई खूश झाल्या. ते पाहून सगळा वर्ग मुद्दाम चुकायला लागला. नवातून चार गेले तर कुणी म्हणे सत्तर, कुणी म्हणे एक लाख. पाहणी करणाऱ्या सरांनी शेरा मारला : चुकीच्या उत्तरांना प्रोत्साहन देते, वर्ग हाताबाहेर जातो.

आता सोमवारी वार्षिक पाठ होता. तो गेला की वर्ष गेलं. मामानं सांगून ठेवलं होतं, यंदा पास झालीस तर मास्तरीण हो, नाही तर उन्हाळ्यात लग्नाचा बार उडवून टाकतो. पाठाला विषय आला नेमका हातच्याची वजाबाकी.

रविवारी दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. पाटीवर तिनं बेचाळीस लिहिलं, त्याखाली सतरा, आणि पाटी माझ्याकडं सरकवली. "वैनी, आज दूध उतू जाऊ द्या."

मी पाटी घेतली. उत्तर लिहिलं, पस्तीस.

ती उडी मारील असं वाटलं होतं. तिनं मारली नाही. हळूच म्हणाली, "कशावरून?"

मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गुरुजी छडी मारायचे आणि पुढं जायचे. मी मान खाली घालूनच सांगितलं, "वर दोन हायेत, खाली सात. दोनाकडं आधीच कमी. ज्याच्याकडं कमी हाय त्याच्याकडून कसं घ्यावं? म्हणून साताकडून घेतले."

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ती उठली आणि खोलीत गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, हिला मी नाराज केलं.

सोमवारी दुपारी फाटकापासूनच तिचा आवाज आला. "वैनी, झालं, झालं." चप्पल एक अंगणात, एक ओट्यावर. एका मुलीनं फळ्यावर पस्तीसच लिहिलं म्हणे. कौशीनं तिला विचारलं, कशावरून? पोरगी रडायला आली. "मग म्या म्हणले, दोनाकडं कमी हायेत म्हणून तू त्याच्याकडून घेतले न्हाई ना? तिनं अशी मान हलवली. म्हणले, तुझं मन चांगलं हाय. पण दोनाचा शेजारी बघ की, त्याच्याकडं चार गठ्ठे हायेत. त्यातला येक सोड. आता झाले बारा. आता दे सात." पोरीनं गठ्ठा सोडला, काड्या मोजल्या आणि पंचवीस लिहिलं. मग सगळा वर्ग गठ्ठे सोडायला धावला. पाहणी करणारे सरसुद्धा एक गठ्ठा सोडत होते. शेरा होता : उत्तम.

मी साखर आणायला उठले तर तिनं हात धरून खाली बसवलं आणि वही उघडली. पहिली दोन पानं नेहमी टाचणीनं बंद असायची, ती टाचणी तिनं काढली. आत चौकटीच्या वहीचं एक मळकं पान चिकटवलेलं होतं. कोवळ्या अक्षरात बेचाळीस, त्याखाली सतरा, उत्तर पस्तीस. त्यावर लाल पेन्सिलीची भलीमोठी फुली.

"फुली माझी हाय," कौशी म्हणाली. "म्या सहावीला, ही तिसरीला. आमची धाकटी, छकुली. म्या तिला लई बोलले त्या दिवशी. म्हणले, इचार न करता लिहिती तू. ती रुसून तशीच झोपली. त्याच रात्री घर पडलं." फुलीवर बोट ठेवून म्हणाली, "इचारायचं राहिलं माझं."

पानाखाली तिच्या जुन्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : कशावरून? त्याच्यापुढची जागा इतकी वर्षं कोरी होती. आता तिथं नवी शाई होती आणि माझे शब्द होते : ज्याच्याकडं कमी हाय त्याच्याकडून कसं घ्यावं.

"इचार केला व्हता तिनं, वैनी," ती म्हणाली.

मी दूध बघायला उठले नाही.