लाल शाईतला थांबा

सरकारी मराठी वाचावी तर मीच! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. शाळा आठवीत सुटली, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' मी झोपेतही बिनचूक लिहितो. टाकळमाळ गावचा एकही अर्ज माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीत पोचत नाही. पोचल्यावर तिथून पुढं सरकत नाही, तो भाग वेगळा!

आमच्या फाट्यावरून सकाळी सातला परळीहून अंबाजोगाईला जाणारी गाडी जाते. म्हणजे नुसती जातेच! थांबत नाही. धुरळा तेवढा आमच्यासाठी ठेवून जाते. माझी पोरगी शिवांजली अंबाजोगाईत बारावीला. गाडी धरायला तिला पुढच्या गावापर्यंत तीन किलोमीटर चालावं लागायचं. दोन दिवस गाडी घावायची, चार दिवस नुसता गाडीचा पाठीमागचा भाग दिसायचा. शेवटी कॉलेजनं कळवलं, या महिन्यात हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही.

"सात अर्ज केले तुमी," आमची सुनिता भाकरी थापता थापता म्हणाली, "तेवढी रद्दी इकली असती तर पोरीला सायकल आली असती!"

बायकोनं अर्जाला रद्दी म्हणावं? माझं टाळकं सरकलं! मी आठवा अर्ज ठोकला.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक बैठक बसते. पाण्याची टाकी, रस्ते, गावठाणाची हद्द, गाड्यांचे थांबे, सगळ्यांचा निकाल एका दुपारी, एका चहात! ज्यांनी आमचा फाटा मोटारीच्या काचेतूनसुद्धा बघितला नाही, ते ठरवणार गाडी थांबायची का नाही! आणि आम्ही बाहेर चपलांजवळ उभं राहायचं. आता हे लिहिलं म्हणून कुणाला राग आला तर येऊ द्या. मला तो रोजच येतो.

बैठक झाली त्या शुक्रवारी तिथल्या ओळखीच्या कारकुनानं निर्णयाच्या कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवला. अक्षर मुंगीच्या पिल्लाएवढं! दोन बोटांनी ताणून ताणून मी आमची ओळ मोठी केली. डावीकडं छापलेलं, 'टाकळमाळ फाटा, गाडीस थांबा देणेबाबत.' उजवीकडं साहेबांनी लाल शाईत स्वतःच्या हातानं लिहिलेलं, फक्त एक शब्द: 'थांबा.'

मी घरातच उडी मारली. डोकं पत्र्याला लागलं, तरी दुखलं नाही!

तडक सरपंच वत्सलाबाईंकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला.

"एवढंच? 'मंजूर' कुठं हाय, गहिनीनाथ?"

"आक्का, मोठे साहेब लई बोलत न्हाईत. थांबा मागितला, थांबा दिला! सरकारी भाषा असतीय ही."

"बरं बाबा. तूच शिकल्याला."

मग काय! पेंटर धोंडीरामनं पाटी रंगवली, 'विनंती थांबा, टाकळमाळ'. त्याखाली गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'सौजन्य: गहिनीनाथ'. नळयोजनेचे पाइप चार वर्षं नळाची वाट बघत पडले होते, त्यांचाच मांडव ठोकला. निदान कुणाला तरी सावली झाली!

सोमवारी पहाटेपासून सगळं गाव फाट्यावर. हलगी, हार, नारळ, पेढे. शिवांजली तीन मैत्रिणींबरोबर नव्या कोऱ्या थांब्याखाली दप्तर घेऊन उभी. मी फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं.

सात वाजता वळणावर गाडी दिसली. हलगी कडाडली!

"थांबती बघा आता," मी म्हणालो.

गाडीचा वेग काही कमी होईना.

"थांबतीय, थांबतीय..."

"गहिनीनाथ, ती चाललीय!" वत्सलाबाई ओरडल्या.

मी हारासकट रस्त्याच्या मधोमध उडी घेतली! करकचून ब्रेक लागला. माझ्या हातातला नारळ सुटला, घरंगळत चाकाखाली गेला आणि आपोआपच फुटला.

"मरायचंय का बे?" ड्रायव्हर खिडकीतून गरजला.

"थांबा!" मी म्हणालो.

"थांबलोय की!"

"तसं न्हाई! हितं थांबा हाय!"

"आरं, थांबलोय म्हणतोय न्हवं! आता काय झोपू का हितं?"

कंडक्टर खाली उतरला. मी छाती काढून मोबाइल त्याच्या पुढं धरला. त्यानं शब्द बघितला, मला बघितलं, फेट्याला बघितलं. मग दोन बोटांनी फोटो बारीक केला आणि सगळा कागद मोठ्यानं वाचायला लागला.

"पाण्याची टाकी: पाहू. गावठाण हद्दवाढ: नंतर. स्मशानभूमीचा रस्ता: घाई नको. गाडीस थांबा: थांबा."

हलगी बंद पडली.

"काका," कंडक्टर हळूच म्हणाला, "साहेबानं तुमाला थांबायला सांगितलंय. गाडीला न्हाई."

आधी गाडीतले हसले, मग मांडवातले. सगळ्यात मोठ्यानं धोंडीराम हसला, ज्याला मी रंगाचा डबा दिला होता! रस्ता फाटून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण आमचा रस्ता पाहिजे तिथं कधीच फाटत नाही.

तेवढ्यात गाडीतूनच आवाज आला, "पप्पा, लवकर मिटवा, पहिला तास बुडल!"

आमची हुज्जत चालली होती तेवढ्यात शिवांजली मैत्रिणींसकट चढून खिडकीला बसली होती!

गाडी गेली. मी फेटा सोडत घरी आलो. वाटलं, आता सुनिता रद्दीचा विषय काढणार. तिनं पुढ्यात चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "उद्या बी असंच करा."

तेव्हापासून रोज सातला मी रस्त्याच्या मधोमध असतो. रविवारी सुट्टी. शिवांजलीची हजेरी भरली, परीक्षेचा फॉर्मही गेला. आता ड्रायव्हर वळणावरच गाडी हळू करतो आणि कंडक्टर आत ओरडतो, "चला, थांबा दिसला!" पहिले चार दिवस मला वाटलं, तो पाटीबद्दल बोलतोय.

पाटी परवाच्या वाऱ्यात पडली. पुन्हा रोवू म्हणून कुदळ घेऊन निघालो, तर वत्सलाबाई दारातूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की गहिनीनाथ. आपला थांबा रोज स्वतःच्या पायानं चालत येतोय, त्याला पाटी कावून?"