टेफ्लॉन विरघळलं!

"चेहरा विसरेन, पण एकदा पाहिलेली दाढ जन्मात विसरणार नाही!" असा डॉक्टर वंदनाचा दावा होता.

परदेशी मालाला देशाची दारं नुकतीच उघडली होती. त्या दारातून बुऱ्हाणपुरात, वंदनाच्या दवाखान्यात, नखाएवढे दोन पडदे येऊन पोचले होते. दाढेभोवतीचं हाड झिजून खड्डा पडला, की हिरडी त्यात मोकाट शेळीसारखी घुसते आणि हाडाला वाढूच देत नाही. मध्ये पडद्याचं कुंपण घातलं, की शेळी बाहेर आणि हाड आत निवांत! प्रश्न एवढाच, की कुंपण कुठलं घालायचं? आपोआप विरघळणारं, की नंतर कापून काढावं लागणारं टेफ्लॉनचं?

तुकईथड गावच्या मालूबाईच्या तोंडात दोन्ही बाजूंना अगदी सारखे खड्डे निघाले. वंदनाला देव भेटला! डावीकडे विरघळणारा पडदा, उजवीकडे टेफ्लॉन. हे काम नीट तडीस गेलं, तर इंदूरच्या डेंटल कॉलेजातले नंदकुमार सर तिला संशोधनाला घेणार होते.

टेफ्लॉन काढायच्या दिवशी पदर सावरत बाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि सांगायच्या आत आ करून मोकळ्या झाल्या. वंदनानं सळई घातली. डावीकडे खड्डा नाही. वा! उजवीकडेही नाही. अरे वा! आणि टेफ्लॉन?

टेफ्लॉनही नाही!

"कुठं गेलं?"

"मले काय इच्चारता, डॉक्टरीणबाई?"

"विरघळलं असंल, मॅडम," कंपाउंडर दिगंबर म्हणाला.

"टेफ्लॉन? अहो, ते तेजाबातही विरघळत नाही!"

"तेजाबाचं सोडा. तुकईथडच्या बायांची जीभ कुठं बघितली तुम्ही!"

वंदनानं तडक इंदूरला सरांना फोन लावला. सर तिकडून ओरडलेच, "क्या बात करती हो! परवा मी स्वतः येतो! तोवर कुणाला बोलू नकोस!"

तोवर दिगंबरनं बाहेरच्या बाकाला सगळं सांगून टाकलं होतं.

पण वंदना पुराव्याची पक्की. तिनं सुई भरली. "भूल देते, थोडं कापून बघते."

बाई खुर्चीतून केळीच्या घडासारख्या धप्पकन खाली! "कापायचं मालूचं ठरलंय, माझं नाय!"

"म्हणजे? तुम्ही कोण?"

"मी कोकिळा. मालूची सख्खी बहीण, अन् जाऊबी सख्खीच. ती केळीच्या कटाईत अडकली. म्हणली, माझा नंबर चुकवू नको."

"अहो, दाढेला बदली माणूस?"

"कालव्याच्या पाण्याचा नंबर, म्हंजी बारी आली, की घरातलं कोणीबी उभं राहतं, बाई. बारी गेली, की पीक गेलं!"

चेहरा तर वंदना विसरलीच होती, दाढही विसरली! तिनं पुन्हा फोन लावला. सर कॉलेजातून निघून गेले होते.

पण हार मानेल ती वंदना कसली! दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती तुकईथडला पोचली आणि केळीच्या बागेत उभ्या उभ्या मालूबाईचं तोंड उघडून पाहिलं. टेफ्लॉनची पांढरी कड जागच्या जागी! तिनं मालूबाईच्या कार्डावर ठळक अक्षरात लिहिलं : 'येताना तोंड स्वतःचं आणावं.'

परवाचा दिवस उजाडला. मालूबाई स्वतःचं तोंड घेऊन हजर! सोबतीला कोकिळा. खरं सांगून सरांची माफी कशी मागायची, ते वंदना मनात घोकत होती. दार उघडलं. जाड भिंगाच्या चष्म्याचा एक पोरसवदा डॉक्टर आत आला.

"नंदकुमार सर मीटिंगमध्ये अडकलेत," तो म्हणाला. "त्यांच्या जागी मी आलोय."

मालूबाईनं कोकिळेला कोपरखळी मारली.

"बघ व माय! शिकले-सवरलेबी बारी चुकवत नाहीत!"