बर्फ नाही म्हणून साखरपुडा रद्द

मितेशचं डोकं सकाळीच फिरलं. अंगात साखरपुड्याचा नवा सदरा, आणि फोनवर रामनाथमामा.

"बर्फ आला नाय म्हणून साखरपुडा रद्द? अरे, सरबत गरम प्यायलो असतो आमी."

मितेशने मेसेज पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. मुरब्याच्या मच्छीमार सोसायटीचं वेब ॲप त्याने बोईसरच्या ऑफिसात बसून बनवलेलं. बोटींचं मॉड्यूल वेगळं, सोसायटीच्या हॉलचं वेगळं, आणि रद्द करणं, मेसेज धाडणं ही दोघांची कामं एकाच सामायिक कोडमध्ये. मोठी ऐट होती त्याला त्याची. आज मासळीसाठीच्या बर्फाची गाडी अडकली म्हणून सोसायटीतल्या अनुजने बोटी रद्द केल्या. सामायिक कोडने काम कुठल्या मॉड्यूलचं हे न बघता त्या तारखेचं दिसेल ते उडवलं आणि सगळ्यांना बर्फाचाच मेसेज धाडला. हॉलमध्ये आज होता मितेशचा साखरपुडा.

त्याने अनुजला झापलं. "आधी ते रद्द मागे घे."

"घेतो. गाडीपण आली आता."

सगळ्यांना मेसेज गेला, 'अडचण दूर झाली. ताबडतोब निघावे.' पाहुणे निघाले, हॉल भरला. मितेशला हायसं वाटतंय तोच दीपा, त्याची होणारी बायको, समोर येऊन उभी राहिली.

"बाबा बोट घेऊन गेले. सगळ्याच बोटी गेल्या."

"पोरीचा साखरपुडा टाकून?"

"तो तूच रद्द केलास ना? मग निघा म्हटल्यावर ते समुद्रावरच निघणार."

दीपाचे बाबा, वामनशेठ, सोसायटीचे चेअरमन. तोंडी निरोपावर कुणी बोट हलवायची नाही, मेसेज आला तरच, हा त्यांचाच नियम. नशिबाने मितेशचा फोन त्यांना लागला.

"बाबा, परत या. साखरपुडा हाय."

"मेसेज टाक. मीच नियम मोडला तर खलाशी माझं ऐकतील काय?"

"पण मेसेज टाकला तर इथलंपण रद्द होतंय हो."

"ते तुझं तू बघ."

लॅपटॉप बोईसरला, मुहूर्त डोक्यावर. शेवटी मितेश स्टेजवर चढला, मेसेज आला तरी उठू नका म्हणून पाहुण्यांना हात जोडले आणि अनुजला पुन्हा रद्द करायला लावलं. पाहुणे जागचे हलले नाहीत. हलला जेवणाचा टेम्पो. तो बेटेगावपर्यंत आला होता, मेसेज वाचून इमानदारीत मागे फिरला. आणि इकडे वामनशेठ आले ते सगळ्या बोटींच्या खलाशांना घेऊन. सगळे उपाशी.

अंगठी एकदाची बोटात गेली. टाळ्या काही फार जोरात वाजल्या नाहीत.

"लग्नाआधी सगळं कोड नीट वेगळं करतो," मितेश हळूच म्हणाला.

"लग्नाचा मेसेज जाणारच नाय," दीपा म्हणाली. "पत्रिका छापायच्या. तू स्वतः घरोघर जाऊन द्यायच्या. बसायचं, चहा प्यायचा, आणि लग्न हाय म्हणून प्रत्येकाला वेगळं सांगायचं."

"मुरब्यातल्या सगळ्यांना?"

"केळव्यातल्यापण. आणि टेम्पोवाल्याला दोनदा."